थिक म्हणजे जाड

चौथीच्या वर्गात इंग्रजी विशेषणं वाटली गेली, तेव्हा चंचलच्या वाट्याला ‘थिक’ आलं. वाटप प्रियांकामॅमनी केलं होतं आणि ते अगदी निःपक्षपाती होतं. घरच्या गाडीतून येणाऱ्या मुलांना ‘ब्युटिफुल’, ‘ब्राइट’, ‘डिलिशस’ मिळालं आणि सुरतेच्या कडेच्या बमरोलीहून एका रिक्षात नऊ-नऊ जण कोंबून येणाऱ्यांना ‘थिक’, ‘थिन’, ‘रफ’ आणि ‘ओल्ड’. गुरुवारी प्रत्येकानं आपल्या विशेषणाची एक वस्तू आणायची, तिच्याकडे बोट दाखवून अर्थ सांगायचा आणि तीन वाक्यांत उपयोग करायचा. ‘ओल्ड’वाल्या मुलानं आजोबांना आणू का म्हणून विचारलं. मॅम म्हणाल्या, वस्तूच हवी. तो हिरमुसला, कारण घरी आजोबांना वस्तूच समजत.

“थिक म्हणजे काय गं?” उषाबाईनं तव्यावरची नजर न काढता विचारलं.

“जाड.”

“मग भाकरी ने. कळण्याची. चांगली थापून देते.”

“मम्मी, भाकरी कोण नेतं! सगळे हसतील.”

“हसतील तर हसतील. खातील तरी.”

पंडित नुकताच पांडेसऱ्याच्या मिलमधून आला होता. तो फोल्डिंग खात्यात होता. दिवसभर हातांखालून साड्या जात. कापड दोन बोटांत धरून तो जाडी सांगायचा आणि ती कधी चुकायची नाही. पण त्याच्या हाताखालून जाणारं सगळंच पातळ होतं, त्यामुळे जाड या विषयात त्याचा अभ्यास कमी पडत होता. त्यानं मोबाइल चंचलच्या हातात दिला. “बघ बरं, त्यात काय लिहिलंय.”

चंचलनं वाचून मराठीत सांगितलं, “समोरासमोरच्या दोन बाजूंमध्ये जास्त अंतर असणं.”

“म्हणजे मी आणि शेट.”

“पप्पा, वस्तू पाहिजे!”

“शेट वस्तूच आहे.”

असं बराच वेळ चाललं. दहा बाय दहाच्या त्या खोलीत जाड म्हणावं असं फारसं काही नव्हतं. भिंत बऱ्यापैकी जाड होती, पण ती शाळेत नेता येण्यासारखी नव्हती. शेवटी तिघांचीही नजर एकाच वेळी खाटेकडे गेली. खाटेवर घडी घालून गोधडी ठेवलेली होती.

ती धुरपदाबाईची, म्हणजे पंडितच्या आईची गोधडी. नव्याण्णव साली नवऱ्यापाठोपाठ ती अमळनेरकडून सुरतेला आली, तेव्हा ही गोधडी डोक्यावर घेऊन आली होती. त्यानंतर दरवर्षी तिनं एक जुनी साडी त्या गोधडीवर चढवली, वरून ठिगळं लावली आणि टाके घातले. आता गोधडी चार बोटं जाड झाली होती. ती अंगावर घेतली की माणूस आधी गरम व्हायचा आणि मग दमायचा. खुद्द धुरपदाबाई त्या आठवड्यात भाच्याच्या लग्नासाठी गावी गेली होती.

“माय येईपर्यंत नेऊन आण,” पंडित म्हणाला. “तिला सांगू नको.”

या घरातली बहुतेक संकटं याच दोन वाक्यांनी सुरू होत.

गुरुवारी चंचलनं वर्गात गोधडी उलगडली तेव्हा चार बाकं झाकली गेली. तिनं अर्थ सांगितला. मग उपयोग सांगितला. “अवर गोधडी इज थिक. इट इज थिक बिकॉज माय ग्रँडमदर ॲड्स वन सारी एव्हरी इयर. इट लिव्ज इन सुरत सिन्स नाइंटीन नाइंटी-नाइन.” तिसऱ्या वाक्यातली चूक मॅमच्या लक्षात आली, पण त्यांचे डोळे पाणावले होते, त्यामुळे त्यांनी ती दुरुस्त केली नाही. त्यांनी ट्रस्टीसाहेबांना बोलावलं. ट्रस्टीसाहेबांनी गोधडीला लांबूनच नमस्कार केला आणि म्हणाले, “वाह! आ तो हेरिटेज छे. आपल्या शाळेतर्फे प्रदर्शनाला हीच जाईल.”

इंग्रजी विशेषणांचं आंतरशालेय प्रदर्शन पुढच्या गुरुवारी होतं. गोधडी शाळेत ठेवून घेतली गेली. चंचल टाळ्या घेऊन घरी आली.

शनिवारी खोलीच्या दारावर नोटीस चिकटवलेली सापडली. खाडीच्या कडेनं रस्ता जाणार होता आणि त्यांची आठ खोल्यांची ओळ नेमकी त्या रस्त्याच्या मधोमध होती. ज्यांच्याकडे २०१० आधीपासून इथं राहत असल्याचा पुरावा असेल त्यांना बदली घर मिळेल. पुरावा शुक्रवारी पाच वाजेपर्यंत आणायचा. ज्यांच्याकडे नसेल, ते इथं राहतच नव्हते असं समजण्यात येईल.

“आपल्याकडे आहे ना?” उषाबाईनं विचारलं.

“खूप आहे,” पंडित म्हणाला. “जुनं लाइटबिल, रेशनकार्ड, बाबांचा मिलचा पास. मायनं सगळं जपून ठेवलंय.”

“कुठे?”

पंडितनं पेटी उघडली. पेटीत उषाबाईच्या लग्नाचा अल्बम आणि झुरळं होती. त्यानं गावी फोन लावला. लग्नाचा बँड वाजत होता. धुरपदाबाई बँडच्या वरताण ओरडून बोलत होती.

“कागदे? बठ्ठा कागदे गोधडीमा शेतस!”

“काय?”

“गोधडीमा! पेटीमा पानी भरस. कागदले उंदरे खातस. म्हनीसन दूधन्या थैल्यामा घालीसन शिवी टाकात. लाल ठिगळखाले लाइटबिल शे, हिरवाखाले रेशनकार्ड, जांभळाखाले तुना बापना पास. ध्यानमा ठेव!”

ही पद्धत तिनं पहिल्या वर्षीच शोधून काढली होती. खाडीचं पाणी खोलीत शिरलं की बाकीचे लोक पेटी, टीव्ही, गॅस काय काय वाचवायला धावत. धुरपदाबाई तेवढी गोधडी डोक्यावर घेऊन शांतपणे शेजारच्या इमारतीचा जिना चढायची. लोकांना वाटायचं, म्हातारी थंडीला भिते.

“काय व्हयनं रे?” तिनं फोनवर विचारलं. “गोधडी कोठे शे?”

पंडितनं फोन बायकोपुढे धरला. उषाबाईनं फोन घेतला आणि एका दमात सांगून टाकलं, “शाळेत आहे, माय.”

तिकडे बँडनं नवं गाणं धरलं.

“शाळामा?” धुरपदाबाई म्हणाली. “शिकाले गयी का ती?”

सोमवारी पंडितनं मिलमध्ये खाडा केला आणि शाळेत गेला. प्रियांकामॅमनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हातात हात घेतला. आपली मुलगी किती हुशार आहे हे ऐकायला आलेला बाप, असं त्या समजल्या होत्या.

“मॅडम, वो गोधडी पाच मिनट चाहिए.”

“अरे अंकल, वो तो गई! ट्रस्टीसाहेबांनी ड्रायक्लीनला दिली. प्रदर्शनात चीफ गेस्ट येणार ना. आणि... बुरा मत मानना, उसमें से थोडी रसोई की स्मेल आ रही थी.”

“अंदर कागज है.”

“हो हो, सगळं अगदी ऑथेंटिक आहे,” मॅम म्हणाल्या.

कुठल्या दुकानात दिली ते फक्त ट्रस्टीसाहेबांच्या ड्रायव्हरला माहीत होतं आणि ड्रायव्हर ट्रस्टीसाहेबांना घेऊन लग्नाला गेला होता. तो मंगळवारी रात्री परतला. बुधवारी सकाळी पंडित दुकानात पोचला, तेव्हा दुकानदार आनंदात होता.

“भाई, तमारी छे? बहुत मेहनत लगी. धोने को डाली तो अंदर कडकड आवाज. मेरे कारीगर ने सिलाई खोली, तो अंदर से दूध की थैलियाँ निकलीं! कितना कचरा था, पूछो मत. लोग भी क्या-क्या भर देते हैं.”

“कचरा कहाँ है?”

“फेंक दिया. फिर से सिलाई भी कर दी, मशीन की. उसका चार्ज नहीं लगाया, स्कूल का काम है.”

“कहाँ फेंका?”

“सुबह आठ बजे गाडी आती है ना कचरे की. ले गई.”

पंडितनं घड्याळ बघितलं. नऊ वाजले होते. सुरतेत कचऱ्याची गाडी वेळेवर येते, याचा अख्ख्या शहराला अभिमान आहे. पंडितलाही होता, आठ वाजेपर्यंत.

त्याला निदान गोधडी तरी बघायची होती, पण ती प्रदर्शनाच्या हॉलवर रवाना झाली होती. गुरुवारी तो चंचलला आणि उषाबाईला घेऊन तिथं गेला. हॉल शहराच्या अशा भागात होता, जिथल्या वॉचमनकडे पंडितपेक्षा चांगले बूट होते. गोधडी लाकडी चौकटीवर टांगलेली, वर दिवा, समोर दोरी आणि दोरीला पाटी: हात लावू नये. उषाबाईनं सवयीनं एक सुटलेला दोरा आत खुपसायला हात पुढे केला, तर एका स्वयंसेविकेनं तिला थांबवलं. “आंटी, प्लीज. ते नाजूक आहे.”

पंडितनं दोरीवरून वाकून, कोणाचं लक्ष नाही असं बघून, गोधडीचा कोपरा दोन बोटांत धरला. त्याची बोटं चुकत नसत. “पातळ झाली,” तो हळूच म्हणाला.

“किती?”

“सव्वीस वर्षांनी.”

‘थिक’ विभागात पाच शाळा होत्या. एकीनं झाडाचं खोड आणलं होतं, एकीनं शोरूममधली गादी आणली होती. एका शाळेनं जाडजूड पुस्तक आणलं होतं. पण ते उघडून बघावं लागेल या भीतीनं परीक्षकांनी ते आधीच बाद केलं. पहिलं बक्षीस गोधडीला मिळालं. चीफ गेस्ट म्हणाले की गरीब माणसाकडे काही नसलं तरी ऊब असते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एसी जास्त झाला म्हणून चीफ गेस्टांनी तो कमी करायला सांगितला.

चंचलच्या हातात पितळी ढाल आणि प्रमाणपत्र पडलं आणि गोधडी परत मिळाली. आता ती एकट्या चंचलला उचलता येत होती.

शुक्रवारी दुपारी धुरपदाबाई गावाहून परस्पर कचेरीतच आली. कचेरी सरकारी होती. तिचं नाव सांगून तिला मोठेपणा देण्याची गरज नाही. धुरपदाबाईनं सुनेच्या खांद्यावरची गोधडी घेतली, तळहातावर तोलली आणि परत तिच्या खांद्यावर ठेवली. पंडितला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्यांचा नंबर आला तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. टेबलामागच्या साहेबांना आज ‘पेंडिंग झीरो’ करायचं होतं, तसा वरून हुकूम होता. समोरच्या कॉम्प्युटरवर एकच नाव उरलं होतं आणि ते पंडितचं होतं.

“पुरावो?”

पंडितनं आधार दिलं. ते दोन हजार चौदाचं निघालं. “नहीं चाले. दस पहेलानुं जोइए.” त्यानं पगाराची चिठ्ठी दिली. त्यावर मिलचं नाव होतं, त्याचं नव्हतं. त्यानं सत्तरीच्या आईलाच पुढे केलं. “ही नव्याण्णवपासून इथंच राहते, साहेब. विचारा तिला.”

“काका, बोललेलं अपलोड थतुं नथी.”

उषाबाईनं पिशवीत हात घालून जे हाताला लागलं ते सगळं टेबलावर ओतलं: चंचलचं प्रगतिपुस्तक, लसीकरणाचं कार्ड, गॅसचं पुस्तक, प्रदर्शनाचं प्रमाणपत्र. साहेबांनी बाकीचं बाजूला सारलं आणि प्रमाणपत्र उचललं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

“आ शुं छे?”

“मुलीचं बक्षीस आहे, साहेब.”

“संस्थेचा लेटरहेड. सही. गोळ सिक्को. इंग्लिशमां.” साहेबांचा आवाज हळूहळू आदरानं भरत गेला. “पत्ता – रूम नंबर सात, खाडीकिनारा, बमरोली. वास्तव्य – सुरतमां, नव्याण्णवथी. अरे, आ तो परफेक्ट छे! आ पहेलां केम न आप्युं?”

प्रदर्शनाचा फॉर्म प्रियांकामॅमनी भरला होता. चंचलचं तिसरं वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं की ते त्यांनी जसंच्या तसं, चुकीसकट, रकान्यात उतरवलं होतं आणि फॉर्मवरचं सगळं, वस्तूच्या नावासकट, प्रमाणपत्रावर छापलं गेलं होतं.

उषाबाईनं डोळ्याला पदर लावला. साहेबांनी दोन बोटांनी टाइप करायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

“नाम?”

“पंडित सुकलाल.”

“नहीं. पुराव्यावर जे नाम छे, ए ज अर्जदार. नहीं तो सिस्टिम लेतुं नथी.” त्यांनी प्रमाणपत्र डोळ्यांजवळ धरलं. “आमां लख्युं छे, गोधडी.”

“साहेब, ती गोधडी आहे.”

“ए ज तो कहुं छुं. गोधडी नव्याण्णवथी सुरतमां रहे छे, हे सिद्ध होतं. तुमचं काही सिद्ध होत नाही.”

“ती ही आहे, साहेब! ही खांद्यावरची!”

साहेबांनी गोधडीकडे बघितलं. मग घड्याळाकडे बघितलं. पाचला सहा मिनिटं होती. अर्ज बाद करायचा तर तीन पानी कारण लिहावं लागे. मंजूर करायला एक कळ दाबली की झालं. सरकारी माणसाच्या आयुष्यात दया अशाच वाटांनी येते.

“पुरुष के स्त्री?”

पंडितनं आईकडे बघितलं, आईनं गोधडीकडे. शेवटी चंचल म्हणाली, “स्त्री. आमच्या पुस्तकात ती गोधडी असंच आहे.”

“गोधडीबेन,” साहेब टाइप करत म्हणाले. “वय छव्वीस. आधार नथी. अंगूठो?” त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. धुरपदाबाईनं गोधडीचं एक जांभळं टोक पॅडवर दाबलं आणि कागदावर उमटवलं. ज्या ठिगळाखाली नवऱ्याचा पास होता, तेच ते टोक. साहेबांनी त्यावर फुंकर मारली.

“सोबत राहणारे किती?”

“चार,” पंडित म्हणाला.

“आश्रित,” साहेबांनी लिहिलं. पाच वाजले. पेंडिंग झीरो झालं.

चार महिन्यांनी यादी लागली. आठ खोल्यांपैकी सात जण अपात्र होते, कारण त्यांचे कागद खरे असले तरी अपुरे होते. पात्र दोघं: कोपऱ्यावरचा दुकानदार, ज्याची खोली मुळात नव्हतीच, आणि गोधडीबेन, रूम नंबर सात. शेजारच्या कुंदनचा जन्म तिथलाच, त्यानं यादी तीनदा वाचली आणि पंडितला विचारलं, “काका, तुमच्याकडे अजून एखादं ब्लँकेट आहे का?” तो हसत नव्हता. पुढच्या आठवड्यात त्याची खोली पडली.

गोधडीबेनला चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. सोबतच्या पत्रात अटी होत्या. लाभार्थीनं स्वतः त्या घरात राहिलं पाहिजे. घर विकता येणार नाही. लाभार्थी हयात नसल्यास घर परत घेण्यात येईल.

ही शेवटची अट चंचलनं मोठ्यानं वाचून दाखवली आणि त्या दिवसापासून गोधडी कोणी अंगावर घेतली नाही. तिला धुवायचं नाही, उन्हात टाकायचं नाही, ओढायचं नाही. घरात खाट एकच होती. ती तिला देण्यात आली. उषाबाई रोज डांबराच्या गोळ्या बदलायची. घरात मांजर शिरलं तर पंडित मिलचा भोंगा झाल्यासारखा ताडकन उठायचा. बाकी चौघं मिलमधून आणलेल्या रिजेक्ट कापडाच्या चादरी घेऊन खाली फरशीवर झोपत. त्या इतक्या पातळ होत्या की पांघरलं आहे की नाही हे हात लावून बघावं लागे. चंचलला सहामाहीत ‘थिन’चा उपयोग विचारला, तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

जानेवारीत एका संध्याकाळी तपासणीला माणूस आला. हातात बोर्ड, बोर्डाला अडकवलेला कागद. दार धुरपदाबाईनं उघडलं.

“गोधडीबेन आहेत?”

“शे,” धुरपदाबाई म्हणाली. “जपेल शे.”

“या वेळेला झोपल्या?”

“तिले दुसरं काय काम शे?”

माणसानं तिच्या खांद्यावरून आत बघितलं. खाटेवर काहीतरी नीट झाकून ठेवलेलं होतं. पायताण काढायचा कंटाळा आला म्हणून तो आत गेला नाही. त्यानं ‘लाभार्थी स्वतः राहतो’ या रकान्यात बरोबरची खूण केली.

“तब्येत बरी आहे ना त्यांची?”

“पयले चांगली जाड व्हती. आते उतरी गयी.”

“वय झालं की असंच असतं, माजी,” माणूस म्हणाला. “आणि तुम्ही कोण?”

धुरपदाबाईनं अंगावरची पातळ चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. सव्वीस वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणी विचारला होता आणि उत्तर देण्यासारखा एकही कागद आता तिच्याजवळ नव्हता.

“मी तिना घर राहस,” ती म्हणाली. “हळू बोला. उठी जाई ती.”